पुढच्या महिन्याची तारीख

त्या दिवशी ओसरीत मायी सासू होती, सासरा होता, भासरा म्हनजे मोठा दीर आन त्याची बायको, मायी जेठानी, होती, माहेरी आलेली ननंद होती. आमचे हे खांबाले टेकून बसले होते आन मी आतल्या घरात, दाराच्या मांगं. त्यातलं आता कोनी राह्यलं नाई, मी एकटीच हाये. म्हनून सांगतो, नाई तं सांगितलं नसतं.

लग्नाले सहा वर्स झालते, घरात पाळना हालला नव्हता. सासू म्हने, "आष्टीकडं एक पोरगी हाये, पाहून येऊ." सासऱ्यानं चिलीम खाली ठेवली. "आधी हिले डॉक्टरले दाखवा. डॉक्टर तपासून राह्यला तोवर दुसरीची गोष्ट काढाची नाई." आमचे हे दोरी वळत राह्यले. तसंच ठरलं.

गाव आमचं हिंगणीच्या पुढं. गावच्या नर्सबाईनं सेलूले धाडलं. सेलूच्या डॉक्टरनं नाडी धरली, चिठ्ठी लिहिली, वर्ध्याच्या एका डॉक्टरीनबाईकडं धाडलं. तिनं नीट तपासलं. म्हनली, "तुमचं तर ठीक दिसतंय. मिस्टर कुठे आहेत?"

"वावरात."

"त्यांनाही तपासावं लागतं. पुढच्या महिन्यात दोघं या." आन कागदावर तारीख लिहून देली.

घरी येऊन सांगितलं तं जेठानी हासाले लागली. "जा न भाऊजी, डॉक्टरीन पाहून तरी यान." हे उठले आन बैलाले पानी दाखवाले निंगून गेले. सासू म्हने, "मानसाले कोठी तपासतेत? हिलेच जाऊ दे."

मंग मी एकटीच जात राह्यली. सकाळची पह्यली एसटी धराची. दवाखान्यात नंबर लावून बाकड्यावर बसाचं. बाकीच्या बायाईसंग कोनाची माय, कोनाचा नवरा राहे. बाजूची पुसे, "कितवा महिना लागला?" मी म्हनो, "तपासाले आली." मंग ती दुसरीसंग बोलाले लागे. दुपारी नंबर लागला का डॉक्टरीनबाई पुसे, "मिस्टर?" मी मान हालवो. पुढच्या महिन्याची तारीख.

एकदा तिनं नागपूरले धाडलं, गर्भाच्या पिशवीचा फोटो काढाले. सासरा संग आला, भाईर झाडाखाली बसला. लय दुखलं, दातावर दात धरून पडून राह्यली. फोटोवाला म्हने, "सब साफ है बाई, यहाँ काहे को भेजा?" मले काय मालूम काहे को. फोटो घेऊन वर्ध्याले गेली. बाईनं खिडकीत धरून पाह्यला, म्हनली चांगला आहे, तरी एकदा नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्या मोठ्या डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, मले हातही लावला नाई, दुसरी चिठ्ठी लिहून वर्ध्यालेच वापस धाडलं. निंदनाचे दिवस होते. दोन दिवस त्यातच गेले.

मले त्या चकराईचा संताप ये. ज्याले पाहाले पायजे त्याले कोनी पाहे नाई, आन मले पाहून पाहून तेच सांगत. पन घरी गेली का सासू चुलीपासून पुसे, "देली काय तारीख?" मी म्हनो, "देली." मंग तो महिना आष्टीचं नाव निंगे नाई. तारीख हाये तोवर हे घर मायं हाये, एवढं मले समजत होतं.

दोन वर्स असेच गेले. मंग एका दिवशी बाईनं पेन बाजूले ठेवला. "तुमच्यात काही दोष नाही. उगाच चकरा मारू नका. मिस्टरांना घेऊन या, नाहीतर येऊ नका."

म्या म्हनलं, "बाई, एक तारीख लिहून द्या."

"कशाला?"

दारात पुढच्या नंबरची बाई उभी होती. म्या हातातला जुना कागद पुढं सरकवला.

"कामाशिवाय मी तारीख देत नाही," ती म्हनली. खरंच बोलली ती, वाईट नव्हती.

संध्याकाळी सासूनं पुसलं. म्या म्हनलं, "देली."

पुढच्या महिन्यात त्या दिवशी घरून निंगाली. जाईन कोठी? वर्ध्याच्या स्टँडवर उतरली आन तठीच बसली. सोबतची भाकर खाल्ली, चार वाजताच्या गाडीनं वापस आली. मंग दर महिन्याले तेच. तारीख मीच मनानं ठरवो, सासूले सांगो, आन जाऊन बसो. एक कंडक्टर म्हने, "मावशी, दुखनं लय जुनं दिसते तुमचं." म्या म्हनलं, "हो बाप्पा." दिवस लय लांब राहे तो. लोक येत, गाडीत बसत, जात. आपल्यासंग बोलाले कोनी नाई, आन घरी जाऊन सांगाले काई नाई.

असं वर्सभर चाललं. एका उन्हाळ्यात आम्ही दोघं वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचून राह्यलो होतो. हे पाठमोरेच म्हनले, "उद्या तुई तारीख हाये न?"

"हाये."

"स्टँडावर पिंपळाच्या अंगानं बसत जाय. तिकडं सावली राह्यते."

माया हातातल्या पऱ्हाट्या तशाच राह्यल्या. हे हिवाळ्यात कापूस घेऊन वर्ध्याले गेलते, तवा पाह्यलं असन. पाह्यलं आन जवळ आले नाई. कोनाले सांगितलंबी नाई. तारीख त्याईलेही पायजे होती. माया कागदामांगं तेही लपून होते. मले राग आला नाई. पन एका घरात दोघं जन तेच लपवून राह्यलो होतो आन एकमेकाले बोलत नव्हतो, हे मले त्या दिवशी जड गेलं. दुसऱ्या दिवशी मी पिंपळाजवळ बसली. सावली होती.

पुढं सासूनं खाट धरली. तिचं सारं करनं माया अंगावर आलं, मंग दुसरीची गोष्ट कोनी काढली नाई. म्या जानं बंद केलं. काऊन बंद केलं, कोनी पुसलं नाई. त्याच्यानंतर लय वर्स आम्ही संग काढले. हे कवा डॉक्टरकडं गेले नाई, म्याबी म्हनलं नाई. लेकरू झालं असतं का नाई, देव जाने. मले एक दिवस तरी ते त्या बाकड्यावर माया बाजूले बसाले पायजे होते.

ही गोष्ट वाचनाऱ्यानं एवढंच करावं. घरातली बाई लेकरासाठी दवाखान्यात जात असन, तं तिच्या नवऱ्याले पह्यल्याच दिवशी संग धाडजा.