सासूबाईंची माती

माझ्या सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत, नदीचंही नाही. त्यांचं घर नदीच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. दर पुरात परसाचा लचका जायचा. आधी पेरू गेला, मग धुण्याचा दगड, मग सासऱ्यांची भट्टी. सासरे कुंभार होते. ते गेल्यावर परसात त्यांची आठवण म्हणून उरली ती फुटक्या माठांची खापरं.

"आमच्याकडे चला," असं मी दरवर्षी म्हणायचो आणि तोंडघशी पडायचो.

"जावयाच्या दारात पडून राहू? ह्यांच्या हातचं सगळं इथे आहे. मी हलायची नाही."

आमचं घर त्याच काठावर, पण खालच्या वळणाच्या आतल्या बाजूला. तिथे नदी गाळ टाकते. एकदा मी शहाणपणा करून समजावलं, "बाहेरून पाणी जोरात जातं, ते काठ खातं. आतून रमतगमत जातं, तेव्हा आणलेलं खाली ठेवतं."

"म्हणजे माझं ओरबाडून तुमच्या दारात! मुलगी दिली तेवढी पुरली नाही वाटतं?"

यंदा पाणी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागलं. बायको त्यांना "पाणी ओसरेपर्यंत" म्हणून ओढूनच घेऊन आली. आल्या, पण गाठोडं सोडेनात. चहाही उभ्यानेच घेतला. मला फार वाईट वाटलं. एवढी खमकी बाई आमच्या ओट्यावर परक्यासारखी बसली होती.

पाणी ओसरल्यावर त्या तणतणत आमच्या दारातल्या गाळात उतरल्या, नदीने आपलं काय काय पळवलं ते बघायला. थोड्या वेळाने वाकल्या आणि तशाच राहिल्या. मी धावत गेलो. हातात खापराचा तुकडा होता. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, पण वरची नागमोडी रेघ शाबूत. रेघेच्या टोकाला अंगठ्याचा ठसा. सासरे प्रत्येक माठावर तो उमटवायचे. सासूबाईंनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला आणि माझ्यादेखत रडल्या.

त्या संध्याकाळी गाठोडं सुटलं. आत भोपळ्याचं बी होतं. ते त्यांनी गाळातच लावलं. आता वेल माजलाय, आणि भोपळा हवा असला तर मलाच त्यांना विचारावं लागतं, कारण माती त्यांची.

परवा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय मावशी, लेकीकडे राहायला आलात?"

"छे गं," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आमची माती पुढे आली होती. मी मागून आले."