सूर्यभानची बिनगान्याची रेकाट

सूर्यभान भोंगेवाला माहा शेजारी. अकोटच्या बाजारात माहं टेलरचं दुकान, त्याचं लाऊडस्पीकरचं, मधात फकस्त टिनाचा पत्रा. लगन कोनाचंबी असो, भोंगा त्याचाच. मानूस लाख, पन बायको पयल्याच बाळंतपनात गेली अन् त्यानं मंग दुसरी केलीच नाई. गावाले गानी ऐकवून घरी ये अन् एकटाच भाकरी थापत बसे.

एकडाव एक नाटक कंपनी गावात येऊन मोडली. मानसं निघून गेली, रेकाटीची एक पेटी याच्यापाशी राहिली. म्या म्हटलं, चाला, नवी गानी आली. कायची गानी राजेहो! एकीत वादळ, एकीत रेल्वे, अन् एकीत कारखान्याची नुसती मशीन. धडधड, घरघर, मधातच लोखंडावर लोखंड आपटलेलं. नाटकात पडद्यामांगून वाजवाच्या होत्या त्या. दुसरा असता तं भंगारात देल्या असत्या. हा पठ्ठ्या त्या मशीनच्या रेकाटीवर भुलला. रोज दुपारी तेच.

"काहून लावतं रे बाप्पा? डोस्कं उठलं माहं," म्या एक दिवस त्याले म्हटलं.

"मोतीराम, गान्यात एकच मानूस रायते. यात शंभर मानसं काम करून राहिले. घर भरल्यावानी वाटते. एकडाव ये, बसून पूर्न ऐक."

"मले उद्याचे सदरे द्याचे हायेत."

तो ज्याले त्याले हेच म्हने. त्याले दुसरं काईच नोको होतं. कोनीतरी संग बसावं अन् 'व्हय सूर्यभान, मानसं हायेत यात' येवढं म्हनावं. पन कोनी जाईना.

अठ्ठावन साली पुंजाजीच्या पोरीचं लगन निघालं. पुंजाजीनं नागपूरले जाऊन धम्माची दीक्षा घेतलेली. त्यानं बजावून सांगतलं, "देवादिकाची एकबी रेकाट नाई वाजली पायजे." सूर्यभाननं सारं दुकान उपसलं. लगनाच्या रेकाटी साऱ्या गनपतीच्या नाईतं अंबाबाईच्या. सिनेमाची गानी काढली, तं त्यातबी कुठं राम, कुठं कान्हा. नव्या रीतीची रेकाट तवा त्याच्यापाशी कुठची असनार? ज्यात देव नाई अशी त्याच्या हाती हेच लागली. भल्या मानसानं मांडवात मशीन लावली.

सारा मांडव हसला. कोनी म्हने भोंगा फाटला, कोनी म्हने पुंजाजीनं लगनात कारखाना काढला. पुंजाजी बिचारा वरमला. "बंद कर बाबू," येवढंच म्हटलं त्यानं. सूर्यभाननं सुई उचलली अन् मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी पुंजाजीची मोठी बहीन मनकर्णा त्याच्या दुकानात आली. अंजनगावची बाई, कापसातून सरकी काढाच्या जिनिंगमधे जलम गेलेला. म्हने, "कालची ते लाव. पूर्न लाव."

सूर्यभाननं सतरंजी झटकून टाकली, चावी भरली. मी पत्र्याच्या फटीतून पाहून राहिलो होतो. रेकाट सरेपर्यंत बाई हालली नाई.

"हायेत ना मानसं?" त्यानं इचारलं.

"नाई भाऊ. हे रिकामी मशीन होय. मिस्त्री तेल घालून चालवून पायते, तशी. आमी बाया असलो का मशीनीच्या आवाजावरून वरडा लागे. येवढ्या वखतात किती हाका झाल्या असत्या."

सूर्यभानचं तोंड उतरलं. मले बाईचा असा राग आला. खोटं बोलली असती तं काय बिघडलं असतं तिचं?

तिलेबी समजलं असन. "लाव अजून एकडाव," म्हने. मशीन सुरू झाली अन् मनकर्णा छातीपासून वरडली, "मैने, पाटी आन वं! इंदे, झोपली काय वं?" नसलेल्या बायाइले शिव्या घातल्या, अन् स्वताच हसली. सूर्यभान तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मंग तिची मोटार आली, ते गेली. त्याच्या दुकानात पुन्हा काई आली नाई.

तवापासून दुपारी रेकाट लागली का पत्र्यापल्याड हा स्वताच हाका मारते. "मैने, पाटी आन वं." मंग थांबते. नुसती मशीन चालते. "इंदे, झोपली काय वं?" पुन्हा थांबते. लोक म्हनतात, भोंगेवाल्याचं डोस्कं फिरलं. मले त्या हाकाइचं काई नाई वाटत. तो थांबते ना, ते आयकवत नाई. हाक मारून वाट पायते तो.

काल माह्यानं राहवलं नाई. कैची ठेवली, पत्र्यावर थाप मारली अन् वरडलो, "आनली रे, आनली पाटी. बोंबलू नोको."

तिकडं रेकाट सरली. सुई नुसतीच घासत राहिली, त्यानं उचलली नाई. लय वेळानं तो पत्र्यापाशी आला अन् हळूच म्हने, "मोतीराम, बाईच्या आवाजात म्हन ना."

म्हटलं म्या. भर बाजारात, गिऱ्हाइकासमोर.