अब्बासभाईंची कनात

अब्बासभाई गेल्याची बातमी मला आमदारांच्या कार्यालयातून कळली. हे ऐकून सगळ्यात जास्त खूश झाले असते ते स्वतः अब्बासभाईच. सोमवार होता, मी नववीच्या वर्गावर होते आणि आमदारांचा पीए संदेश लागोपाठ फोन करत होता. महिन्याचा पहिला सोमवार असून अब्बासभाई आले नाहीत, म्हणून त्याने त्यांच्या घरी फोन लावला, तर कळलं की पहाटे झोपेतच… मग म्हणाला, "बाई, मी त्यांची खुर्ची पंख्याखाली मांडून ठेवली होती हो." सरकारी दरबारात कुणाची खुर्ची आधीपासून मांडून ठेवलेली मी तरी दुसरी पाहिली नाही. अब्बासभाईंना जाऊन आता महिना होत आला.

अब्बासभाई म्हणजे आमच्या गावचे मंडपवाले. तरुणपणी मस्कतला काही वर्षं काढून परत आले आणि मिळवलेल्या पैशात इतर लोक घर बांधतात तसं त्यांनी बांबू, ताडपत्र्या आणि खुर्च्या घेतल्या. लग्न कुणाचंही असो, सभा कुठल्याही पक्षाची असो, मंडप अब्बासभाईंचाच. आमच्या हौशी नाट्यमंडळाचे ते चिटणीस, प्रॉम्प्टर आणि पडदा ओढणारे. दोरीला मारलेली गाठ हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. वादळात शाळेची कौलं उडाली तेव्हा शेजारी उभा असलेला त्यांचा मंडप जागचा हलला नव्हता, आणि हे ते कौलांची चौकशी करायला येऊन मुख्याध्यापकांना तीनदा सांगून गेले होते.

आमचं गाव म्हसळ्याहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. गावच्या मैदानात सिमेंटचा चौथरा आहे, त्याला रंगमंच म्हणायचं. मागे काहीच नाही. चैत्रात जत्रेचं नाटक असलं की अब्बासभाई मागे चार बांबू रोवून कनात बांधायचे आणि त्या कापडाच्या आडोशाला आम्ही बायका साड्या बदलायचो. पुरुषांचं काय, ते आंब्याखालीही भागवतात. एका वर्षी खाडीवरचा वारा असा सुटला की एका बाजूची गाठ निसटली आणि कनात वर गेली. आत रेश्मा होती, आमच्या मंडळातली सगळ्यात गुणी नटी, कोळीवाड्यातली, माझीच विद्यार्थिनी. पुढे बसलेल्या टारगटांनी मोबाइल वर केले. ती ओल्या डोळ्यांनी उरलेला अंक करून गेली, आणि घरच्यांनी पुन्हा तिला पाठवलं नाही. पुढच्या वर्षी आणखी दोघी आल्या नाहीत. बायकांची कामं पुन्हा पुरुषांनी करायची वेळ आली, आणि आमचे पोस्टमास्तर नायिका झाल्यावर मंडळ किती दिवस टिकेल याची मला काळजी वाटू लागली.

कनात उडाली त्या रात्रीनंतर बरेच दिवस अब्बासभाई आपल्याच गाठी पुन्हा पुन्हा तपासत राहिले. मग एकदा शाळेत येऊन म्हणाले, "बाई, कापडाचं काम न्हाय हे. भिंती पायजेत. दार पायजे, आतनं कडी पायजे." खरं तर आम्ही भिंती मागत होतोच. दर निवडणुकीच्या आधी मंडळ निवेदन घेऊन जायचं, आमदार ते दोन्ही हातांनी घ्यायचे, फोटो निघायचा. माझ्याकडे असे कितीतरी फोटो आहेत. प्रत्येकात माझी साडी वेगळी आहे आणि मागणी तीच आहे.

अब्बासभाईंनी ठरवलं की आता मागायचंच नाही, नुसतं जायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आमदारांच्या कार्यालयात जाऊन बसू लागले. संदेशने काम विचारलं की म्हणायचे, "काम काय न्हाय. असाच आलो." निवेदन नाही, भाच्याची नोकरी नाही, बदली नाही. बिनकामाचा माणूस बघायची सवय नसल्याने कार्यालय हादरलं. संदेशने आमच्या सरपंचांकडून चौकशी केली की हा गृहस्थ नक्की कुणाचा माणूस. उत्तर आलं ते आणखी वाईट. दुसऱ्या सोमवारी हे महाशय पडलेल्या उमेदवाराकडेही असेच जाऊन बसतात. आमदारांनी थोड्या घुश्श्यातच जाब विचारला, तर अब्बासभाई शांतपणे म्हणाले, "आज ते पडलेत, उद्या तुमी पडाल. आमचं मैदान तिथंच हाय, साहेब." यावर आमदारांना हसावं की चिडावं ते कळेना, म्हणून त्यांनी चहा मागवला. तिथून त्यांची ओळख झाली असं संदेश सांगतो.

मग अब्बासभाई नाटकांबद्दल बोलू लागले, मागणीचं अक्षर न काढता. आमच्या तालमी कशा चालल्यात, तळा गावच्या मंडळाने काय बसवलंय, कोण चांगलं गातं. पुढच्या जत्रेला त्यांनी आमदारांना बोलावलं ते प्रेक्षक म्हणून. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही, तिसऱ्या रांगेत खुर्ची. बिचाऱ्यांना हातांचं काय करावं हेच सुचत नव्हतं. दोनदा टाळ्या पडल्या तेव्हा आपलं नाव पुकारलं असं समजून ते उठून उभे राहिले आणि मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. पण शेवटपर्यंत बसले. पुढच्या सोमवारी आपणहून सांगू लागले की कॉलेजात असताना मीही एकदा हवालदार केला होता, लोक अजून आठवण काढतात. अब्बासभाईंनी नुसती मान डोलवली. वर्षभर ते त्या हवालदाराची गोष्ट दर महिन्याला नव्याने ऐकत राहिले, आणि चैत्र जवळ आल्यावर म्हणाले की यंदाच्या नाटकात हवालदाराचं काम रिकामं आहे.

आमदारांचा हवालदार बघायला आजूबाजूच्या गावांतून माणूस लोटला होता. दोन वाक्यांचं काम, ते त्यांनी आठवडाभर गाडीत पाठ केलं होतं. वेश जुन्या काळचा, खाकी अर्धी चड्डी आणि पट्टा. आमच्या साड्या बदलून झाल्यावर साहेबांना मान म्हणून कनातीत पाठवलं. त्यांचा एक पाय खाकी चड्डीत आणि दुसरा बाहेर होता तेव्हा वारा आला, आणि अब्बासभाईंची गाठ आयुष्यात दुसऱ्यांदा सुटली. कनात गेली थेट खाडीकडे. पट्ट्यापट्ट्यांच्या आतल्या चड्डीतले आमचे लोकप्रतिनिधी समस्त मतदारांसमोर एका पायावर उभे राहिले. मैदानात जे हसू फुटलं ते कितीतरी वेळ थांबेना. त्यांनी पट्टा कसाबसा आवळला, रंगमंचावर येऊन दोन्ही वाक्यं बिनचूक म्हटली आणि कुणाशीही न बोलता गाडीत बसून निघून गेले. आम्हाला वाटलं, एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

पुढच्या सोमवारी जाऊ नका म्हणून मी अब्बासभाईंच्या हातापाया पडले. ते म्हणाले, आता नाही गेलो तर आधी कामासाठीच जात होतो असा अर्थ होईल. मग मीही बरोबर गेले. आमदार कागद चाळत राहिले, चहाही मागवला नाही. शेवटी मान वर न करता त्यांनी विचारलं, "बायका कुठे बदलतात?"

"तिथंच, साहेब," अब्बासभाई म्हणाले.

मला रेश्माचं तोंड दिसत होतं. आमदारांना काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांनी संदेशला हाक मारून अभियंत्याला बोलवायला सांगितलं. मंजुरी, निविदा, वाळू नाही, मग पाऊस, मग आचारसंहिता… काम रखडत गेलं आणि सोमवार चालूच राहिले. यंदा चैत्राच्या तोंडावर दोन खोल्या उभ्या राहिल्या. अब्बासभाईंनी दाराला आतून कडी बसलेली स्वतः जाऊन पाहिली. नाटक मात्र त्यांना बघायला मिळालं नाही.

दफनाला आमदार आले होते, आणि ते पडलेले उमेदवारही. दोघं एकमेकांकडे न बघता शेजारी उभे होते. परत जाताना आमदारांनी मला गाठून सांगितलं की त्या खोल्यांना अब्बासभाईंचं नाव द्यायचं. आठवड्याने मी अब्बासभाईंच्या पत्नीला, जुबेदाभाभींना, विचारायला गेले. त्यांची इद्दत, म्हणजे विधवेने घरात पाळायची मुदत, चालू आहे, त्या घराबाहेर पडत नाहीत. पाटी "अब्बासभाई महिला वेशभूषा कक्ष" अशी होणार हे ऐकल्यावर त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, पुरुषाचं नाव बायकांच्या खोलीवर लावलं तर ते कबरीत लाजून कूस बदलतील. मग हसू ओसरलं, आणि त्यांनी माझा हात धरला.

"बाई, पयली गाठ सुटली ती वाऱ्यानं," त्या म्हणाल्या. "दुसरी मी सोडली."

अब्बासभाईंना हे माहीत होतं का, एवढंच मी विचारलं.

"मी काय सांगितलं न्हाय. दुसऱ्या सकाळी ते दोरी हातात घेऊन बघत बसले. मग म्हणाले, वारा घरचाच दिसतो… आणि चहा मागितला."

जत्रेचं नाटक गेल्या रविवारी झालं. रेश्मा आली होती. तिच्या सासूनेच आणून सोडलं तिला, खोली बघून घेतली आणि मगच पुढे जाऊन बसली. रेश्मा साडी घेऊन आत गेली, मी दाराबाहेर उभी होते. कडी लागल्याचा आवाज आला. मग निघाल्याचा, आणि पुन्हा लागल्याचा. भिंतीपलीकडे वारा मैदानभर धावत होता, आणि ती आत गुणगुणत, अगदी सावकाश तयार होत होती.