कुलूपवाल्याचा लॉग

माझ्या दादाला गिऱ्हाइकं कुलूपवाले म्हणतात. त्यानं आयुष्यात एकही कुलूप बनवलेलं नाही. सदतीस दुकानदारांच्या आणि दवाखान्यांच्या वेबसाइट तो आपल्या मशीनवर ठेवतो, आणि मी त्याच्या ऑफिसात फोन घेते. पूर्वी प्रत्येक साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र वेगळं होतं. आज एकाची मुदत संपायची, उद्या दुसऱ्याची, आणि शिव्या मी खायच्या. शेवटी दादानं सगळ्यांच्या पुढे एक गेटवे बसवला. बाहेरून येणारा मजकूर सांकेतिक रूपात त्या एकाच दाराशी येतो. गेटवे तो उलगडतो आणि ज्याच्या त्याच्या साइटकडे आत सोडतो. तेव्हापासून स्वारी हवेत होती.

"ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय ना?" तो सगळ्यांना सांगायचा. "मग निर्धास्त राहा. मलासुद्धा काही वाचता येत नाही."

हे ऐकून मीही निर्धास्त झाले. मला उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. फोन घेणाऱ्या बाईला हे परवडत नाही. दादाला कळलं तर तो आधी घाबरेल आणि मग मला घरी बसवेल, याची मला खात्री होती. आमच्या सदतीसांत एक कानाचा दवाखाना आहे. त्यांच्या साइटवर प्रश्न लिहिला की डॉक्टरीणबाईंचं उत्तर तिथंच येतं. मी चार वेळा लिहिलं, दर वेळी खाली माझा मोबाइल नंबर टाकून. पहिल्याच पत्रात म्हटलं होतं, 'कृपा करून माझ्या भावाला काही बोलू नका.'

गुरुवारी सकाळी फुलवालीच्या साइटवरून ऑर्डरी येईनात. दादा मशीन ठेवलेल्या खोलीत गेला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून त्याचा फोन आला, नेहमीसारखा घाईत.

"माझ्या कॉम्प्युटरवर गेटवेचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडीच आहे. शोधायच्या चौकटीत फुलवालीचा मोबाइल नंबर टाक आणि काय दिसतंय ते सांग."

मी त्याच्या खुर्चीत बसले. चौकटीत आधीचा शोध तसाच होता. नंबर माझा होता.

खाली माझी चारही पत्रं, अक्षर न् अक्षर. डॉक्टरीणबाईंची उत्तरंसुद्धा. नंबर पुसला, तर सगळ्यांचं सगळं समोर आलं. कुणाचा दात, कुणाची पाळी, कुणाचा घटस्फोट.

"काय दिसतंय?" दादा विचारत होता.

"मी दिसतेय," मी म्हटलं.

तो इतका वेळ गप्प राहिला, की मला वाटलं डावा कानही गेला.

तासाभरात तो धापा टाकत ऑफिसात आला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मागे एकदा कुणाचे तरी फॉर्म हरवत होते, म्हणून त्यानं गेटवेला उलगडलेला मजकूर लिहून ठेवायला सांगितलं होतं. दोन दिवसांसाठी. त्याला अकरा महिने झाले होते. तीन महिन्यांपूर्वी सहज लॉग चाळताना माझं पहिलं पत्र त्याच्या नजरेस पडलं.

"मग तेव्हाच बंद का नाही केलंस?"

"उत्तर यायचं होतं," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणतात ते..."

माझी नजर माझ्या टेबलाकडे गेली. तीन महिन्यांपूर्वीच त्यानं फोन उजवीकडून डावीकडे हलवला होता. वायर पुरत नाही म्हणे. वायर चांगली हातभर उरत होती, म्हणून मी त्याची टरही उडवली होती. आता मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि रडूही आलं.

"तू मला सांगितलं असतंस?" त्यानं विचारलं.

"नसतं. पण ते न सांगणं माझं होतं, दादा."

गेटवेचं लिहून ठेवणं त्यानं माझ्यासमोर बंद केलं. मग हळूच म्हणाला, "जुनं सगळं पुसून टाकतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. आणि मला कळल्यावर कसं वाटतंय ते बघ जरा."

एरवी गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायचं काम माझं. त्या दिवशी मी फोन ओढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सदतीस नंबरांची यादी शेजारी. सगळ्यात वर कानाचा दवाखाना होता. त्यानं नंबर फिरवला. पलीकडे डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला, तसा तो रिसीव्हर कानाशी गच्च धरून झाला प्रकार पुटपुटायला लागला.

"स्पीकर लाव," मी म्हटलं. "मला नीट ऐकू येत नाही."