मे महिन्यातला गीझर

अक्का आणि गीझरचा किस्सा माझ्या तोंडून अर्ध्या जळगावानं ऐकलाय. हळदीत, साखरपुड्यात, मांडवाबाहेर खुर्च्या टाकून — मी तो असा रंगवायचो की लोक पोट धरून हसायचे. पण खरा किस्सा? तो बायकोलाही ठाऊक नाही. आज तुमच्यापाशी बोलतो.

आमच्या घरचा मी वीजमंत्री. पदवी बायकोनं दिलेली. प्रत्येक बटणाखाली मी चिठ्ठी चिकटवली होती — ‘मला बंद केलंत का?’ एसी फक्त रात्री, तोही थोडाच वेळ, हा माझाच कायदा. आणि कायदा करणारा दुपारी काय करायचा? बायको बँकेत गेली की दुकानाचं शटर ओढून घरी यायचा, एसी लावायचा आणि पांघरूण घेऊन झोपायचा. पांघरूण! जळगावच्या मे महिन्यात! काय सुख होतं म्हणून सांगू...

मग बिल आलं. "वीजमंत्री, खुलासा करा," बायको म्हणाली. मला घाम फुटला, आणि तोंडातून निघून गेलं — "अक्का गीझर चालू ठेवते."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावजी गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेली. दुपारी ती देवळात भजनाला जायची, म्हणून माझा एसी तिलाही ठाऊक नव्हता. तिथेच शेंगा सोलत बसली होती.

"मे महिन्यात गीझर?" बायकोनं विचारलं. बरोबरच होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीचंच पाणी पोळतं, गीझरला हात कोण लावतो? माझं खोटं तिथेच पकडलं जायचं. पण मी पडलो हजरजबाबी. आवाज उतरवून म्हणालो, "तेच तर. तिला आता भान राहत नाही."

काय चपखल बसलं! अक्काचे हात थांबले. ती आठवत राहिली — जे घडलंच नव्हतं ते. मग विसरल्याची कबुली देत म्हणाली, "मीच इसरी गऊ व्हसू रे भाऊ."

तेव्हा एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला? मी दुपारचा एसी बंद केला, पुढचं बिल उतरलं, आणि तोच अक्काच्या विसरण्याचा पुरावा ठरला. वर मी तिची नक्कल करू लागलो — तिच्यादेखत. तीही हसायची. फक्त बटणाला हात लावणं तिनं सोडलं.

आता ती धुळ्याला, लेकीकडे असते. परवा गेलो. भाची कामावर गेलेली. वीज होती, तरी अक्का पंख्याखाली बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. पदर घामानं चिकटलेला.

"तेवढा पंखा लाव रे भाऊ. मी बटनले हात नही लावस."

मी पंखा लावला. तिनं डोळे मिटून वारा घेतला. मग विचारलं, "तुनं बिल आते कमी येस ना रे?"

"हो अक्का," मी म्हणालो. "कमी येतं."