घर कोणाला विकायचं ते मी ठरवलं

सकाळची ड्युटी होती. नर्सचा पांढरा ड्रेस घालून मी दार उघडलं आणि समोर हलगी कडाडली.

पतसंस्थेची गाडी फाटकाला आडवी लावलेली. वसुलीची माणसं उभी. आणि हलगी वाजवणारा माझा सख्खा मामा.

त्याला तिसगावकडून रोजानं आणला होता. वसुलीला वाजवायचंय, एवढंच सांगितलेलं. कोणाच्या दारात, ते नाही. मला बघितलं आणि त्याचा हात हवेतच राहिला.

गाडीची काच खाली झाली. आत चेअरमन. आमच्याच कॉलनीतला, शेजारच्या बंगल्यातला.

"थांबलास का रे? वाजव की. मांगाची हलगी, मांगाचंच दार. बरं जमलंय."

माणसं हसली. गॅलऱ्यांमध्ये कॉलनी उभी होती. प्राध्यापक होते, वकील होते, माझ्याकडून रात्री-बेरात्री सलाईन लावून घेणारे होते. एकानं मोबाईल वर धरला.

मी हात जोडले. "साहेब, थोडी मुदत द्या." माझ्याच तोंडून निघालं ते. त्या शब्दांची चव अजून जिभेवर आहे.

मामा त्यांच्या गाडीत बसला नाही. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरी, मला ठावं न्हवतं गं." नगरच्या स्टँडपर्यंत तो पायी गेला.

नवऱ्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. चांगला चाललेला. धंदा वाढवायला दोघांच्या नावावर पतसंस्थेचं कर्ज काढलं, घर तारण ठेवलं. मग कोरोना आला. लग्नं बंद. गोदामात कापडं कुजली, हप्ते तुंबले. लग्नं पुन्हा सुरू झाली तोवर व्याजानं आम्हाला गिळलं होतं. नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागला. घर माझ्या पगारावर आलं.

हे घर आम्ही हौसेनं बांधलेलं. त्या कॉलनीत आमच्या जातीचं ते पहिलंच. वास्तुशांतीला शेजारी आले, हॉल बघितला, फरशी बघितली. पाणीसुद्धा न पिता गेले. सगळ्यांना एकाच दिवशी उपास.

हलगीनंतर नवरा जेवेना. मग एक दिवस म्हणाला, "इकून टाकू. दोन खोल्यांत ऱ्हाऊ. पन ह्याच्या दारात पुन्हा जायचं न्हाई."

हिशोब सरळ होता. घर विकून कर्ज फेडायचं. उरेल त्यात बँकेचं थोडं कर्ज घालून हॉस्पिटलमागं छोटा फ्लॅट घ्यायचा. पगार सरकारी, अडचण काय? पण बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये माझं नाव टाकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "आधीचं कर्ज थकलेलं दिसतंय. आधी ते मिटवा. पतसंस्थेचा बेबाकी दाखला आणा, मग बघू."

म्हणजे त्याच दारात जायचं.

चेअरमनच्या केबिनमध्ये मी उभी. त्यानं बस म्हटलं नाही.

"घर मला दे," तो म्हणाला. "पोराचा दवाखाना काढायचाय. भाव मी सांगेन तो. दाखला त्याच दिवशी मिळेल. दुसऱ्याला विकलंस तर तुला कोण कर्ज देतंय, बघतोच मी." मग हसला. "आणि तुम्हाला एवढं घर लागतंय कशाला? तुमची माणसं पत्र्याखाली सुखात असतात."

मी रोज माणसांना सुया टोचते. कुठं हाड आहे, कुठं मऊ आहे, हे हाताला कळतं. त्या क्षणी मला त्याचं मऊ सापडलं. त्याला वसुलीची घाई नव्हतीच. त्याला शेजारून मी जायला हवी होते. आणि माझी जागा हवी होती, स्वस्तात.

मी खुर्ची ओढली. बसले.

"घर विकणार. तुम्हाला नाही."

"विचार कर."

"केला."

पोलीस खात्यात शिपाई असलेली एक पोरगी आमच्या वॉर्डात बाळंत झाली होती. पारधी. वर्दीतली, तरी तिला नगरात भाड्यानं खोली मिळत नव्हती. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची. मी तिला घर दाखवलं. शेजारी कोण आहे, तो कसा आहे, माझ्या दारात काय झालं, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

ती म्हणाली, "ताई, आमाला तर लोक शिवंवरून हाकलत्यात. ह्यो नुसता शेजारी हाय."

तिनं बाजारभाव दिला. तिच्या बँकेनं पैसे थेट पतसंस्थेत भरले. माझं कर्ज फिटलं. दाखला मात्र मिळेना. साहेब बाहेरगावी. साहेब मीटिंगला. मी सहकार खात्यात लेखी तक्रार केली, तेव्हा साहेब सापडले. दाखला हातात पडला.

तिथून मी घरी गेले नाही. पोलीस ठाण्यात गेले. त्या सकाळी माझ्या दारात, सगळ्यांसमोर, माझी जात काढून तो काय बोलला, त्याची फिर्याद दिली. इतके दिवस का थांबलात, विचारलं. म्हटलं, "मान त्याच्या पायाखाली होती. आता काढलीय."

मामा जबाब द्यायला आला. धुतलेलं धोतर, ताठ पाठ. जमादारानं विचारलं, "तू स्वतःच पैसे घेऊन वाजवायला गेल्ता ना?"

"व्हय, घेतलं पैसं. ते बी लिवा. आन त्यो काय बोलला, त्ये बी लिवा."

बँकेनं कर्ज दिलं. पूर्वी हप्ते थकले होते म्हणून व्याज चढं. घेतलं.

सामान टेम्पोत भरत होतो तेव्हा चेअरमन त्याच्या फाटकात आला. तोंड लालबुंद.

"पारध्याला विकलंस? माझ्या भिंतीला भिंत?"

"व्हय," मी म्हटलं. "मुद्दाम."

इतकं गोड मी आयुष्यात काही बोलले नाही.

आता दोन खोल्या आहेत. कपाट दारात अडकतं, पाहुणा आला की नवरा जिन्यात झोपतो. परवा कॉलनीतले प्राध्यापक आले. चहा घेतला. पाणीही प्यायले. मग मुद्द्यावर आले.

"झालं गेलं गंगेला मिळालं. त्यांचंही वय झालंय. फिर्याद मागं घ्या. ते माफी मागतील, घरी येऊन."

"सर, तुम्ही त्या सकाळी गॅलरीत होतात," मी म्हटलं. "साक्षीला येता?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले.

लोक म्हणतात, सूड वाईट. मनाला जाळतो. जाळू दे. इतकी वर्षं मी सहन केलं, तेव्हा काय मन गार होतं?

त्याची माफी मला नको. घरात बसून, पडदे ओढून मागितलेली तर नकोच. तो बोलला चारचौघांत, त्याला ऐकावंही लागेल चारचौघांत, उभं राहून, न्यायाधीशासमोर. तारखा पडतायत. वकील म्हणतो, वर्षं जातील. जाऊ देत. माझी रजा शिल्लक आहे. ती संपली तर बिनपगारी टाकीन. मामा थकला तर त्याला उचलून नेईन.

एकही तारीख मी चुकवणार नाही.