बुरूजकाकांचा दम

त्या उंचावरच्या जुन्या शहरात पाऊल ठेवल्यापासून आम्ही तिघी मैत्रिणी एकमेकींवर चोरावर ठेवावी तशी नजर ठेवून होतो. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला मळमळतंय, कोण उगाच चिडतंय. चिडत होते मी, पण मी घरीही चिडतेच, म्हणून ते लक्षण धरायचं नाही असं ठरलं. विरळ हवा कुणाला कधी गाठेल सांगता येत नाही, हे आमच्या कॅप्टननं, म्हणजे सहलीचं सगळं ठरवणाऱ्या मैत्रिणीनं, इतक्यांदा ऐकवलं होतं की मला ऐकूनच चक्कर यायची.

तिसरी खोलीवरच झोपून राहिली; आम्हा दोघींना शहर दाखवायला आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालकच निघाले. जन्माचे गवंडी. ढासळलेला तट, वेशी, बुरूज यांची डागडुजी करण्यात हयात गेली, म्हणून सगळे त्यांना बुरूजकाका म्हणत. हात एवढे थोराड की चहाचा कप त्यांच्या मुठीत भातुकलीतला वाटायचा. थापी सुटली तसे ते पाहुण्यांना हिंडवायला लागले. "हा दगड मी बसवलाय," असं म्हणून ते भिंतीला हात टेकायचे आणि थांबायचे.

"काका, प्रत्येक दगडापाशी असं थांबलो तर आम्ही इथंच म्हाताऱ्या होऊ," मी म्हणाले.

"ताई, घाई कसली? शहर काय पळून चाललंय?" ते हसले, पण हसणं पुरं व्हायच्या आत खोकल्याची उबळ आली.

तो खोकला मला मुळीच आवडला नाही. गल्लीत माणूस नव्हतं, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. वरून ढग उतरत होता आणि आमच्या मागची घरं एकेक करून नाहीशी होत होती. पुढच्या वळणावर काका पुन्हा थांबले. या वेळी हात टेकला, पण दगडाबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांची नखं निळी पडली होती.

मी कॅप्टनला बाजूला घेतलं. "अगं, यांना विरळ हवा लागलीये."

"काहीतरीच! इथं जन्मलेल्या माणसाला? उगाच राईचा पर्वत करू नकोस."

मग मी सरळ काकांनाच गाठून काय होतंय ते विचारलं. आधी नाही नाही म्हणाले, मग पायरीवर बसलेच. अख्खा हिवाळा ते खाली सपाटीवरच्या गावात, लेकीच्या बाळंतपणाला राहिले होते. परवाच वर आले, आणि आल्यापासून आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणाले.

"पण काकूंना सांगू नका, ताई. तिनं बजावलंय, आता तुम्हाला नुसती धाप जरी लागली तरी घराला कुलूप आणि आपण लेकीकडे, कायमचं. मी काय करू हो तिथं? एक भिंत ओळखीची नाही."

 एवढं बोलून ते हट्टानं उठले आणि बुरुजाच्या पायऱ्या चढायलाही लागले. हे वेड होतं, पण त्यांना ओढून कोण धरणार? वर पोचेपर्यंत शहर ढगात पार बुडालं होतं. वारा पडला, आणि त्या शांततेत मला त्यांच्या छातीतला आवाज ऐकू आला. चुलीवर आधण आल्यासारखी बुडबुड. ते तोंडाला रुमाल लावून खोकले आणि रुमाल झटकन मुठीत दाबला. पण मी पाहिलं होतं. गुलाबी फेस होता.

मी तिथंच काकूंना फोन लावला.

"दगा दिलात, ताई," ते कसेबसे म्हणाले.

"दिला! जीवच गेला तर शहर घेऊन काय करणार आहात?" मी ओरडले. 

कॅप्टननं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उतरवलं. वेशीजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, ऑक्सिजनचा मास्क चढवला. बराच काळ खाली राहून आलं की इथल्या माणसालाही हे होतं, म्हणाला. आत्ताच्या आत्ता खाली न्या. बाहेर येऊन, धावत आलेल्या काकूंना हळूच म्हणाला, "आणि मावशी, या वयात पुन्हा वर आणू नका."

काकूंनी "बरं" एवढंच म्हटलं. घरी जाऊन दोन पिशव्या भरल्या, शेजाऱ्याकडे किल्ली दिली. कुणाकडे बघितलंही नाही. जीपमध्ये त्यांच्यासोबत मी बसले.

घाटाच्या वरच्या वळणांवर मला धडगत दिसत नव्हती. काका डोळे मिटून एकेक श्वास खेचत होते आणि काकू त्यांचा हात गच्च धरून बसल्या होत्या. मग हळूहळू फरक पडत गेला. ओठांची निळाई ओसरली. छातीतली बुडबुड कमी झाली. पहिली झाडं दिसली तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला. पायथ्याच्या गावात जीप थांबली, तसं काकांनी स्वतःच मास्क दूर केला आणि एक लांब, पोटभर श्वास घेतला.

"बरं वाटतंय ना हो?" काकूंनी धसक्यानंच विचारलं.

 काकांनी आणखी एक श्वास घेऊन पाहिला, तोही सहज आत गेला.

"वाटतंय गं," बुरूजकाका म्हणाले, आणि हमसून हमसून रडायला लागले.